नकाशातली बोरझरी

आमच्या शाळेतले भूगोलाचे कपाट आवरायला काढले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी जुने नकाशे फडताळांत अंथरायला म्हणून बाजूला ठेवले. मी भूगोल शिकवते. नकाशावर खडूचे डबे ठेवलेले मला बघवत नाहीत. त्यातला एक मी पदराखाली लपवून घरी आणला असे आमचे हे सगळ्यांना सांगत असतात. खरे म्हणजे मी तो रीतसर मागून आणला.

नकाशा चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या रानाचा होता. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी इंग्रज मोजणीदारांनी केलेला. शाळेतल्या नव्या नकाशात तिथे नुसता हिरवा रंग आहे. जुन्यात मात्र त्या हिरव्यात जागोजाग एक बारीकशी खूण होती, आणि कोपऱ्यात तिचा अर्थ दिला होता: लोखंड गाळण्याची भट्टी. वैनगंगेपलीकडे बांबू आणि वाघ याशिवाय काही नाही, असेच मी मुलींना आजवर शिकवत आले होते. आणि इथे तर रानभर भट्ट्या! दुपारी जरा डोळे मिटले की त्या हिरव्या रंगातून धुराच्या निळ्या रेघा वर येताना दिसू लागल्या. होळीच्या सुट्टीला रजा जोडली आणि निघाले. "लोक काशीला जातात, तू भट्ट्या बघायला जा," हे म्हणाले. पण वळकटी त्यांनीच बांधून दिली.

चांदा

आगगाडीबद्दल लिहीत नाही. डोळ्यांत कोळसा गेला, एवढे पुरे.

चांद्याला एक दिवस मैत्रिणीकडे राहिले. परकोटाच्या आत शिरले की गाव एकदम हळू बोलू लागते. दरवाजाच्या कमानीखाली बैलगाड्या सावलीला थांबलेल्या, भिंतीवर सकाळची उन्हे, आणि गोंड राजांच्या समाध्यांभोवती शेळ्या चरताना. मी बाजारातल्या लोहाराच्या दुकानासमोर उभी राहिले आणि इकडे पूर्वी लोखंड गाळत होते का, असे विचारले. एक शहरी बाई हे विचारते म्हणून आधी तो हसला. मग आत जाऊन एक जुना, झिजून बोटभर उरलेला विळा घेऊन आला.

"हे गावठी लोखंड व्हय बाई. माह्या आज्याच्या वक्ताचं. आता आमी रेल्वेनं येते ते पट्टं ठोकतो."

त्याने विळ्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारली. नाद बराच वेळ राहिला. मग शेजारच्या नव्या विळ्यावर मारली. तो एकदाच बोलला आणि गप्प झाला. मी काही विकत न घेता निघाले तरी त्याने पाणी दिले.

वैनगंगा

मूल गावाहून पुढे बसने. नदीशी बस थांबते, उतारू वाळूतून चालत पात्रापर्यंत जातात, नावेने पलीकडे उतरतात आणि तिथे दुसरी बस वाट बघत असते. फाल्गुनात पाणी थोडे आणि वाळू फार. काठावरचे पळस असे पेटले होते की खाली पाणीही नारिंगी दिसत होते. नावेत बसलेल्या कुणाला त्याचे काही नव्हते; कोंबड्या, गूळ, एक नवी कोरी कंदिलाची काच, आणि सगळे आपापल्या तंद्रीत. वल्ह्याचा आवाज तेवढा होता. मला वाटले, नाव अशीच चालत राहावी, पलीकडचा काठ येऊच नये.

काठ आला, आणि माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तापलेल्या वाळूतून मी अनवाणी, पदर सावरत, नाचत म्हणावे अशी बसपर्यंत गेले. गडचिरोलीला माझे मेहुणे वसंतराव घ्यायला आले होते. ते धानोऱ्याला रेंजर आहेत. माझे पाय बघून त्यांचा चेहरा पडला.

"ताई, जंगलात पायताण म्हणजे अर्धा जीव," ते म्हणाले आणि स्वतःचे बूट पुढे करून दाखवले. गुडघ्यापर्यंत चामडी पट्ट्या, खाली खिळे, आरशासारखी चकाकी. त्या बुटांचे कौतुक धानोऱ्यापर्यंत ऐकत गेले. एकदा फुरसे टाचेला चावले ते बुटामुळे कसे वाचले, ही गोष्ट माझ्या बहिणीने, मालूने, घरी पोचल्यावर पुन्हा सांगितली, कारण वसंतरावांनी तिला खूण केली.

धानोरा

मालूच्या हातचे जेवण म्हणजे लाल तांदळाचा भात, लाखोळीचे वरण आणि जवसाची चटणी. नागपूरला आम्ही जवस तोंडी लावायला घेतो; इथे भात तोंडी लावायला घ्यावा अशी चटणी होती. बाजाराच्या दिवशी सगळे रान पाठीवर बांधून गावात येते: चारोळी, डिंक, लाख, मध. मोहाची फुले नुकती पडू लागली होती. सगळ्या गावाला एक गोडसर, झोप आणणारा वास येत होता, आणि मी दोन दिवस त्या वासात काहीही न करता ओसरीवर बसून काढले.

तिसऱ्या सकाळी नकाशा ओसरीवर पसरला. मी गावांची नावे वाचत होते आणि वसंतराव "आहे", "नाही", "ऐकले नाही" असे सांगत होते. अंगणात मोहटोल्याचा लालसू गाडीतून बांबू उतरवत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी वाचले, "बोरझरी."

"ऐकले नाही," वसंतराव म्हणाले.

लालसूच्या हातातला बांबू खाली आला. "काय म्हणतलं जी बाई? बोरझरी?"

"बोरझरी. इथे आहे बघ. भट्टीची खूण आहे गावाजवळ."

तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. त्याला अक्षर येत नव्हते. मी बोट ठेवले तिथे तो बघत होता. "माह्या मायचं माहेर हाय थे," तो म्हणाला. "कुठी हाय म्हून माय जनमभर पुसून राह्यली. कोनालेच ठाऊक नाई. आन तुमच्या कागदावर हाय!"

मोहटोला

लालसूच्या आईचे नाव रैनीबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला; उजेड-अंधार तेवढा कळतो. अंगणात बसून ती पानांचे द्रोण लावत होती आणि आमच्याशी बोलतानाही तिची बोटे थांबली नाहीत. आम्हाला पेज आली, त्याच द्रोणांत. वसंतरावांनी खाटेवर बसून बूट ओसरीच्या कडेला टेकवले तेव्हा तिने आवाजावरून मान वळवली.

तिची माणसे लोखंड गाळणारी. सरकारने रान बंद केले, कोळशासाठी झाडे तोडू देईनात, तेव्हा भट्ट्या विझल्या आणि बोरझरी फुटली. कुणी कुठे गेले, कुणी कुठे. रैनीबाई तेव्हा अगदी लहान; वाट ठाऊक असलेली माणसे तिला विचारायचे सुचेपर्यंत गेली.

"मामानं मले झोपेतच उचलली," ती म्हणाली. "खांद्यावर टाकली. पानी पडून राह्यलं होतं. डोये उघडले तं इकडे. माह्या पायानं मी निघालीच नाई व बाई."

"लहान होतात ना तुम्ही."

"लहान होती. पन निघाली नाई म्हंजे नाई." तिने द्रोण बाजूला ठेवला. "आमच्यात पोरगी माहेराहून निघते तं भट्टीच्या किटावर पाय ठेवून निघते."

कीट म्हणजे लोखंड गाळल्यावर उरतो तो काळा, जड मळ. मुलगी त्यावर पाय ठेवते आणि तोच तुकडा सासरी नेऊन चुलीखाली पुरते. पुढे तिची मुलगी निघाली की तोच उकरून तिच्या पायाखाली देतात. आईकडून लेकीकडे असा तो चालत राहतो. आपल्याकडे नवरी सासरच्या उंबऱ्यावर माप ओलांडते. सगळे लक्ष येण्याकडे. इथे निघण्याकडे. मला हे फार आवडले, आणि आपल्या लग्नात निघताना मी नुसती रडले होते हे आठवून थोडे वाईटही वाटले.

रैनीबाईजवळ कीट नव्हते. झोपेत आणलेल्या पोरीला ते कोण देणार? तिच्या लग्नात नाल्यातला एक दगड ठेवला. तिच्या लेकीच्या लग्नात तोच दगड. ती लेक पहिल्या बाळंतपणात गेली, तिची मुलगी मैनी आजीकडेच वाढली आणि दगडही परत आला. आता मैनीचे लग्न होते, होळी झाली की लगेच.

"दोघी दगडावून गेलो," रैनीबाई म्हणाली. "हे तरी किटावून जाओ. दुसरं काई नाई मांगत मी."

मैनी त्या वेळी पाण्याची गुंडी उतरवत होती. सतरा-अठरा वर्षांची, तरतरीत. पायांत लाल पट्ट्यांच्या नव्या वहाणा, बाजारातून लग्नासाठी घेतलेल्या. त्या ती सारख्या निरखत होती. "मले दगडबी चालते व आजी," ती म्हणाली. "पाय तं माहाच राह्यते ना."

आजीने पुन्हा द्रोण हातात घेतला. वसंतराव घसा साफ करून म्हणाले, "उद्या जाऊन बघू." मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या मेहुण्यांचे पाय धरावेसे वाटले.

बोरझरी

लालसूची गाडी, गाडीत रैनीबाई आणि मी, पुढे वसंतराव होकायंत्र घेऊन. रस्ता संपल्यावर गाडी सोडली आणि नाल्याच्या कडेकडेने चालू लागलो. जुन्या नकाशातले डोंगर आणि नाले अगदी बरोबर होते. गावेच तेवढी नव्हती. "इथे पिंपळखूट," मी म्हणायची, आणि समोर नुसते साग. "इथे दोन नाले मिळतात," आणि दोन नाले खरोखर मिळायचे. नसलेल्या गावांतून चालताना मला सारखे कुणाच्या तरी अंगणातून जातोय असे वाटत होते. मी उगीच हळू पाऊल टाकत होते. रैनीबाई लालसूच्या खांद्यावर हात ठेवून अनवाणी चालत होती, आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ.

ऊन चढता चढता खुणेच्या जागी पोचलो. मोहाचे एक जुने झाड, त्याखाली दगडांचा ढीग, आणि ढिगात अजून ओळखू येईल असे भाजलेल्या मातीचे एक गोल तोंड. मी ओरडलेच. वसंतरावांनी होकायंत्र पाहिले, नकाशा पाहिला आणि टोपी काढली. "बिनचूक!" ते म्हणाले.

लालसूने आईला तिथे नेऊन उभे केले. ती ढिगाभोवती फिरली. पुन्हा फिरली. पाय चाचपत, टाच दाबत. मग थांबली.

"हे नाई," ती म्हणाली.

"आई, नकाशात हीच जागा आहे," मी म्हटले.

"असन. पन कीट कुठी हाय? भट्टीजवळ जमीन टोचते. इथी तं नुसती माती हाय."

आम्ही सगळ्यांनी शोधले. काठीने पाला उकरला, ढीग हलवला. कीट म्हणून काही नव्हते. माझा उत्साह असा ओसरला की मी त्या मोहाखाली बसकण मारली. म्हाताऱ्या बाईला एवढे चालवले, तिला आशा लावली, आणि कशाच्या जोरावर, तर एका कपाटातल्या कागदाच्या. वसंतरावांनी शिदोरी सोडली. वरून मोहाची फुले टपटप पडत होती, एक नकाशावर पडले.

रैनीबाईने तो आवाज ऐकला आणि हात पुढे केला. मी नकाशा तिच्या मांडीवर दिला. ती कापडावरून बोटे फिरवू लागली.

"कोनं केला हा?"

"इंग्रज साहेबाने. त्याची माणसे रानभर फिरली, मोजत मोजत."

"बूट घालून?"

"घालूनच असणार."

तिचे बोट थांबले. मग ती हसायला लागली. खांदे हलतील अशी, डोळ्यांतून पाणी येईल अशी. लालसू घाबरून जवळ गेला.

"अरे बाप्पा! थोच साहेब हा! माहा बाप सांगे," ती म्हणाली. "साहेब आला भट्टी पाहाले. गावानं म्हणतलं, दाखवतो, पन बूट काढ. भट्टी म्हंजे माय हाय. मायच्या अंगावर पायताण घालून कोनी चढते काय? साहेब बूट काढे ना. नाईबी म्हनता ये ना, साहेब होता थो. मंग गावानं नाल्याच्या अल्याड दुसरी बांधली. नुसती माती लिंपली, आत ओला पाला जाळला, धूर काढला. साहेब खुश! कागदावर लिहून गेला."

आम्ही सगळे त्या मातीच्या तोंडाकडे बघत राहिलो. एवढी वर्षे बोरझरीची खोटी भट्टी नकाशात जपून ठेवलेली होती, आणि खरी कुणालाच ठाऊक नव्हती.

"म्हणजे खरी नाल्याच्या पलीकडे," मी म्हटले.

"पल्याड." ती उठली. आता ती लालसूच्या पुढे होती. "माय भाता तुडवे. दोन पायांखाली दोन चामडे, एक खाली, एक वर. मी मायच्या पाठीवर. पानी या कानाले वाजे." तिने डाव्या कानाला हात लावला. "आन तोंडावर सांजचं ऊन ये."

पाणी डावीकडे आणि मावळतीचे ऊन समोर. मी भूगोलाची मास्तरीण. एवढे तरी मला आले पाहिजे. नकाशावर नाला एका ठिकाणी वळतो, फक्त तिथेच असे होऊ शकते. बोट ठेवले आणि वसंतरावांना दाखवले. आम्ही नाला ओलांडला, करवंदीच्या जाळीतून वाट काढली आणि एका उंचवट्याशी आलो. त्यावर बांबूची दाट बेटे होती. पायथ्याशी रैनीबाई थांबली. तिने मागे वळून विचारले, "तुमच्या पायात काय हाय?"

मी मालूच्या वहाणा घातल्या होत्या, त्या काढल्या. वसंतराव तसेच उभे.

"मी इथेच थांबतो," ते म्हणाले. "तुम्ही या जाऊन." मी त्यांच्या बुटांकडे बघितले, त्यांनी झाडाकडे. मग ते दगडावर बसले आणि पट्ट्या सोडू लागले. फार वेळ लागला. आतून निघालेले त्यांचे पाय इतके गोरे आणि नाजूक होते की लालसूने तोंड फिरवून घेतले. "मालूला सांगू नका," ते मला म्हणाले. हे मी लिहिते आहे, पण तिला तेव्हा सांगितले नव्हते.

उंचवट्यावर पहिले पाऊल टाकले आणि जमीन टोचली. पाल्याखाली सगळीकडे काळे, खरखरीत, काचेसारखे चमकणारे खडे. वसंतराव "आई ग" म्हणत एकेक पाय उचलत होते. रैनीबाई मात्र चालतच राहिली, बांबूत शिरली, आणि जिथे मातीची एक जाड भिंत गुडघाभर उरली होती तिथे बसली. तिने भिंतीला गाल लावला. आम्ही लांबच थांबलो. बांबूतून वारा येत होता, डावीकडे पाणी वाजत होते, आणि समोरचे ऊन आता उतरू लागले होते. मला स्वप्नात असल्यासारखे वाटत होते, पण तळपाय चांगलेच दुखत होते.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. तिच्या ओच्यात नारळाएवढा किटाचा एक गोळा होता.

परत निघताना मी पेन्सिल काढली आणि नकाशावरची खूण नाल्यापलीकडे न्यावी म्हणून घडी उघडली. मग वसंतरावांनी पायथ्याशी बसून पुन्हा पट्ट्या बांधायला घेतल्या ते दिसले, आणि पेन्सिल परत पिशवीत टाकली. खूण आहे तिथेच आहे.

पुन्हा मोहटोला

इकडे लग्न मुलाच्या घरी लागते. म्हणून वरात नवरीची निघते. होळीनंतर चार दिवसांनी मैनी निघाली. ढोल वाजत होते, बायका एकमेकींचे हात धरून, वाकून, मागे-पुढे होत गात होत्या. एक शब्द कळत नव्हता तरी मी आणि मालू त्यांच्यात सामील झालो. वसंतराव ओसरीच्या कडेला उभे होते. बूट त्यांनी अंगणाबाहेर काढले होते, कुणी सांगितले नसताना.

उंबऱ्यासमोर सारवलेल्या जागी तो काळा गोळा ठेवला. जुना दगडही शेजारी होता; तो कुणी उचलला नव्हता. मैनी हळदीने माखलेली, हातभर बांगड्या, पायांत त्या लाल पट्ट्यांच्या वहाणा. ती गोळ्यापाशी आली आणि थबकली. मग वाकून तिने वहाणा काढल्या आणि काखेत धरल्या. पाय ठेवला. "टोचते व आजी," ती म्हणाली, आणि इतका वेळ हसणारी ती पोरगी आजीच्या गळ्यात पडून रडू लागली.

मैनी अंगणाच्या बाहेर गेली. लालसू गोळा उचलून तिच्या टोपलीत ठेवायला वाकला, तेवढ्यात रैनीबाई म्हणाली, "थांब रे."

ती काठी टाकून पुढे आली. पायाने जमीन चाचपली, दगडाला लागला तो पाय बाजूला घेतला. मग गोळा सापडला. तिने लुगडे थोडे वर घेतले, नवरीसारखी मान खाली घातली आणि त्या किटावर पाय ठेवला. ढोलवाला थांबला होता. गाणे थांबले होते. ती तशीच उभी राहिली, नाल्यापलीकडच्या त्या बांबूच्या दिशेला तोंड करून.

"आता निघाली मी बोरझरीहून," ती म्हणाली, आणि पाय उचलून लालसूला म्हणाली, "ने आता. पोरगी लांब गेली असन."